आंजर्ले की केळशी?

पुण्याच्या मध्यमवर्गीय माणसाला साठीनंतर दोन दुखणी हमखास जडतात. एक गुडघ्याचे आणि दुसरे कोकणात घर करण्याचे. पहिल्याला निदान तेल चोळता येते. दुसरे मात्र शेजारपाजाऱ्यांच्या थट्टेने, मुलांच्या उपदेशाने किंवा मे महिन्यातल्या दापोलीच्या उकाड्यानेही हटत नाही. आमच्या घरी हे दुखणे तीन वर्षे मुक्कामाला होते. अखेर प्रश्न दोन गावांवर येऊन थांबला: आंजर्ले की केळशी? मुलीच्या लग्नाच्या वेळी स्थळे पाहतानासुद्धा आम्हा दोघांत एवढी वादावादी झाली नव्हती.

आम्ही खराडीला राहतो. २००६ साली इथे घर घेतले तेव्हा खराडी पुणे महापालिकेत येऊनही मनाने गावच होते. सज्जात उभे राहिले की समोर ज्वारी डोलताना दिसे आणि पलीकडे मुळा-मुठेच्या काठची झाडे. आज त्या ज्वारीच्या जागी काचेची उंचच उंच कचेरी उभी आहे. तिथे रात्रपाळी चालत असल्यामुळे तिचे दिवे पहाटेसुद्धा मालवत नाहीत आणि आमच्या शयनगृहाला बारमाही पौर्णिमा असते. डोक्यावरून लोहगावची विमाने जातात, उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, आणि नगर रस्ता ओलांडणे हे माझ्या वयाच्या बाईने एकटीने करण्याचे काम राहिलेले नाही. तरी मी खराडीला नावे ठेवणार नाही. याच काचेच्या इमारतींपैकी एकीत आमच्या मुलाला पहिली नोकरी मिळाली. तीच नोकरी त्याला पुढे कॅनडाला घेऊन गेली, हा भाग वेगळा.

२०२२ साली ह्यांच्या हृदयाच्या दोन वाहिन्यांत स्टेंट बसवले. डॉक्टरांनी चालायला सांगितले, आणि खराडीत चालायला जागा नाही! ह्यांचे वडील सरकारी नोकरीत. त्यांच्या बदलीमुळे ह्यांची शाळेतली तीन वर्षे दापोलीत गेली होती. तेव्हा समुद्र म्हटला की ह्यांच्या डोळ्यांपुढे दापोली तालुक्याचाच समुद्र येतो. गोव्याचा वगैरे चालत नाही.

यादी तशी लांब होती. गुहागर आवडले, पण ते आता बाजारपेठेचे गाव झाले आहे. महर्षी कर्व्यांचे मुरूड सुरेख, पण तिथे राहत्या घरांपेक्षा पाहुण्यांच्या खोल्याच जास्त दिसल्या. दिवेआगरला शनिवार-रविवारी निम्मे पुणे भेटते. त्यासाठी घाट उतरायचे कारण काय? वेळासला मी तयार होते, ह्यांना ते फार आडबाजूला वाटले. उरली ही दोन गावे. नकाशावर बोटभर अंतर. मध्ये पाडले, आडे अशी चिमुकली गावे आणि डोंगरउतारावरून समुद्राला धरून जाणारा अरुंद रस्ता. एकाच तालुक्यातली, एकाच समुद्राची, दोन्हीकडे नारळी-पोफळीची आगरे, दोन्हीकडे खाडी. आणि तरीही सख्ख्या बहिणींच्या स्वभावात असावा तेवढा फरक!

आंजर्ल्याला आम्ही २०२४ च्या डिसेंबरात महिनाभर खोली घेऊन राहिलो. गाव जोग नदीच्या मुखाशी आहे. पूर्वी हर्णैच्या बाजूने यायचे तर तरीत बसून खाडी ओलांडावी लागे, आता पूल आहे. डोंगरावर कड्यावरचा गणपती. मूर्ती उजव्या सोंडेची, देवळाला पांढरेशुभ्र शिखर. गावात सांगतात की हे देऊळ पूर्वी खाली किनाऱ्यावर होते. समुद्र पुढे सरकू लागला तेव्हा गणपती पाऊल टाकून वर कड्यावर गेला. ते पाऊलही दाखवतात. समुद्र पुढे सरकतो ही गोष्ट त्या गावाला इतक्या जुन्या काळापासून ठाऊक आहे, हे मला त्या कथेत विशेष वाटले. देवळापाशी उभे राहिले की खाली पोफळींचा हिरवा गालिचा, पलीकडे निळे पाणी आणि दूर सुवर्णदुर्ग. ह्यांनी तिथल्या तिथे निकाल देऊन टाकला होता. अर्थात ह्यांच्या निकालात सुवर्णदुर्गापेक्षा हर्णैच्या बंदरावरील मासळीच्या लिलावाचा वाटा मोठा होता, हे मी पत्नी या नात्याने नमूद करते.

आंजर्ल्याला लागूनच मुर्डी. कादंबरीकार श्री. ना. पेंडसे तिथले. १९५२ साली त्यांचा 'गारंबीचा बापू' आला आणि हा सारा मुलूख मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्यात पोचला. मुर्डीच्या पाखाडीवरून आम्ही रोज संध्याकाळी फिरायला जात असू. दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे, मधून पाटाचे पाणी, आणि दर दोन-तीन घरांआड एक कुलूप. कुलपांविषयी पुढे सांगतेच.

फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास आम्ही पुन्हा गेलो, ते कासवांची पिल्ले पाहायला. ऑलिव्ह रिडले जातीची मादी थंडीत रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि मागे न पाहता निघून जाते. साधारण पन्नास दिवसांनी पिल्ले बाहेर पडतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ सालापासून वेळासला ही अंडी राखण्याचे काम सुरू केले आणि ते लोण पुढे आंजर्ले, केळशी अशा अनेक गावांत पोचले. टोपलीखालून सुटलेली ती तळहाताएवढीही नसलेली पिल्ले समुद्राकडे धावताना पाहून माझ्या घशाशी आवंढा आला. पण त्या दिवशी किनाऱ्यावर मोटारींची जी रांग लागली होती, ती पाहून दुसराही एक विचार आला. शनिवारी रात्री आमच्या खोलीशेजारी पुण्याचीच एक मंडळी पहाटे दोनपर्यंत गाणी लावून बसली होती. गाणीही खराडीतल्या आमच्या खालच्या मजल्यावर वाजतात तीच!

आंजर्ल्यात जागा दाखवणाऱ्यांचीही वाण नव्हती. एका गृहस्थाने आम्हाला समुद्राला अगदी खेटून असलेला तुकडा दाखवला. "काकू, सकाळी दार उघडलंत की पायाशी लाट!" ते ऐकायला बरे वाटते. पण २०११ ची अधिसूचना घ्या की २०१९ ची, असल्या विरळ वस्तीच्या गावात भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत आमच्यासारख्याला नवे घर बांधता येत नाही. शिवाय ती जमीन शेतीची. १९४८ च्या कूळकायद्याच्या ६३ व्या कलमाप्रमाणे शेतकरी नसलेल्या माणसाला परवानगीवाचून शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि आमच्या दोन्ही घराण्यांत कारकुनी सोडून दुसरे पीक कुणी काढलेले नाही. हे त्या गृहस्थाला ठाऊक नव्हते असे नाही. "ते सगळं आपण बघून घेऊ," असे तो म्हणाला. ज्यांना कोकणात जागा घ्यायची असेल त्यांनी "बघून घेऊ" हे शब्द कानावर पडताच चहा संपवून उठावे.

आमच्यासाठी वाट एकच होती: गावठाणातले जुने, उभे घर. आणि इथे ती कुलपे आड येतात. बंद घरांना तोटा नाही. मालक मुंबईला, ठाण्याला, काही साता समुद्रापार. गणपतीत आणि शिमग्याला घर उघडते, पंधरा दिवस ओटीवर पत्ते रंगतात आणि पुन्हा कुलूप लागते. एका घराच्या उताऱ्यावर सतरा नावे होती. त्यांपैकी पाच कैलासवासी आणि दोघांचा पत्ता कुणालाच ठाऊक नाही. घर विकायचे तर सगळ्यांच्या सह्या हव्यात. आणि खरे सांगायचे तर विकायचे कुणालाच नसते. घर पडले तरी चालेल, पण आजोबांचे नाव उताऱ्यावरून जाता कामा नये! मला आधी याचा राग येई. पण खराडीचा फ्लॅट विकून टाकू असे ह्यांनी म्हटले तेव्हा माझ्याच तोंडून "मुलगा आला तर उतरेल कुठे?" असे गेले, आणि मग तो राग पुष्कळ ओसरला.

केळशीला आम्ही मुद्दाम पावसाळ्यात गेलो. हा सल्ला आंजर्ल्याच्याच एका वृद्ध बागायतदारांचा. ते म्हणाले, "डिसेंबरात काय, कुठलंही गाव छानच. आषाढात राहा नि मग बोला." पुण्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, दापोलीकडे साडेतीन हजार. आकडा वाचून काही कळत नाही. जुलैमध्ये केळशीत उतरलो तेव्हा कळले. कपडे वाळत नाहीत, मीठ पाघळते, आगपेटीची काडी ओढली तर पेटत नाही, पादत्राणांवर एका रात्रीत बुरशी चढते. २०२५ साली पाऊस मे महिन्यातच येऊन कोसळला होता. त्यामुळे पुष्कळ घरांची आगोटीची कामे अर्धवट राहिलेली: लाकूडफाटा भिजलेला, कौले चाळायची राहिलेली, पडवीला झावळ्यांचा आडोसा घाईघाईने बांधलेला. वीज दिवसातून दोनदा जाई. पण पुण्याच्या बाईने लक्षात ठेवावे अशी गोष्ट अशी की वीज गेली तरी कुणी हाय खात नसे. विहिरीवर रहाट होता, चुलीवर पाणी होते आणि गप्पांना वीज लागत नाही.

केळशी भारजा नदीच्या मुखाशी वसली आहे. आंजर्ले डोंगराच्या कुशीतून आपल्याला वरून दर्शन देते, तर केळशी अशी एकदम दिसतच नाही. सपाट गाव, माडा-पोफळींच्या आत दडलेले, घराला घर लागून, मधून अरुंद आळ्या. एका टोकाला महालक्ष्मीचे घुमटाचे देऊळ, त्याच्या आवारात तळे. चैत्रात तिचा उत्सव असतो आणि त्या वेळी म्हणे पाय ठेवायला जागा नसते. दुसरीकडे टेकाडावर याकूबबाबांचा दर्गा. शिवछत्रपतींनी त्यांना मान दिल्याचे गाव मोठ्या अभिमानाने सांगते, आणि सांगणारा कोणत्या आळीतला आहे यावर ते अवलंबून नसते.

आणि केळशीची वाळूची टेकडी! खाडीच्या तोंडाशी ही भली मोठी टेकडी उभी आहे. डेक्कन कॉलेजचे डॉ. अशोक मराठे यांनी तिचा अभ्यास केला. तिच्या पोटात खापरे, जुनी नाणी, माणसाच्या वस्तीच्या खुणा सापडल्या. कधी काळी त्सुनामीच्या लाटेने ही वाळू इथे आणून टाकली असावी, असा त्यांचा तर्क. पुढे खाडीवरच्या पुलाच्या कामात टेकडीचा काही भाग कापला गेला. समुद्राने आणलेले शेकडो वर्षे टिकले, ते उकरायला माणसाला फार दिवस लागले नाहीत. ह्यांना टेकडी पाहून नवल वाटले. मला जरा धाकधूक वाटली. ज्या गावच्या वेशीवर समुद्राने आपल्या येण्याची एवढी मोठी खूण ठेवली आहे तिथे आपण म्हातारपणी राहायला जातो आहोत!

या धाकधुकीत भर पडली ती निसर्ग वादळाच्या हकिकतींनी. ३ जून २०२० रोजी ते वादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढले, पण दापोली आणि मंडणगड तालुक्यांचीही त्याने दैना केली. आंजर्ले काय आणि केळशी काय, या बाबतीत भेद नाही. दोन्ही गावांत लोकांनी आम्हाला तीच गोष्ट सांगितली: टाळेबंदीचे दिवस, सकाळी वारा सुटला, दुपारपर्यंत कौले पत्त्यांसारखी उडाली, आणि संध्याकाळी दार उघडले तर आगर नाहीच. पोफळी काड्यांसारख्या मोडून पडलेल्या. वीज कित्येक आठवडे नव्हती. पोफळ लावल्यापासून हाती सुपारी यायला सहा-सात वर्षे जातात. ज्यांनी त्या पावसाळ्यात रोपे लावली त्यांच्या बागा कुठे आता धरू लागल्या आहेत. सत्तरीच्या माणसाने पोफळ लावायची म्हणजे काय, याचा विचार करून पाहावा. केळशीच्या आमच्या आळीत तशी तीन-चार माणसे होती.

आमच्या शेजारच्या काकू त्यांपैकी एक. वय पंचाहत्तर, एकट्या. मुलगा डोंबिवलीला. वादळाच्या दिवशी त्यांच्या घराचे अर्धे छप्पर गेले, तेव्हा आळीतली चौदा माणसे त्यांच्या माजघरात येऊन बसली, कारण तेवढेच छप्पर शाबूत होते. "एकटी कसली वहिनी," काकू मला म्हणाल्या, "त्या रात्री चौदा माणसांचा पिठलं-भात केला मी. तांदूळ माझा, कुळथाचं पीठ समोरच्यांचं."

ऑगस्टमध्ये खराडीला परतलो आणि खरा वाद सुरू झाला. ह्यांचे म्हणणे सरळ होते. आंजर्ले दापोलीला जवळ. उपजिल्हा रुग्णालय दापोलीला, औषधाची मोठी दुकाने दापोलीला. केळशीहून त्याच दापोलीला पोचायला अर्धा तास तरी जास्त. खाडीवर पूल, हाकेच्या अंतरावर हर्णै. शिवाय आंजर्ल्याला मिळणारे घर चढणीवरचे, मोकळे, ओटीवरून समुद्र दिसणारे. केळशीला मिळणारे घर आळीत, तीन बाजूंनी शेजार, आणि समुद्र दिसायचा तर दहा मिनिटे चालत जावे लागणार. "अगं, समुद्रासाठी जायचं आणि घरातून समुद्रच नाही?" ह्यांचा हा प्रश्न बिनतोड होता.

मी त्यांना म्हटले, "अहो, अर्धा तास मी मान्य करते. पण तुमच्या छातीत पुन्हा दुखलं तर दापोलीत प्रथमोपचार होतील. पुढे न्यायचं ते डेरवणला नाही तर पुण्याला. तो रस्ता दोन्हीकडून लांबच आहे. तेव्हा पहिली पाच मिनिटं महत्त्वाची. त्या चढणीवरच्या घरातून मी हाक मारली तर ऐकणार कोण? खालच्या दोन्ही घरांना कुलूप आहे."

ह्यांनी उत्तर दिले नाही. मग एका रात्री, समोरच्या कचेरीचे दिवे खोलीत पडलेले असताना, ह्यांनीच तो विषय काढला जो आम्ही तीन वर्षे टाळत होतो. "आपल्यापैकी एकजणच राहिलं तर? मी गेलो तर तू कुठे राहशील?"

मी म्हटले, "केळशीला."

"आणि तू गेलीस तर मी?"

याचे उत्तर द्यायला मला वेळ लागला. ह्यांना कुकर लावता येतो, त्यापुढे काही नाही. आंजर्ल्याच्या ओटीवर ह्यांना एकट्याने सुवर्णदुर्गाकडे पाहत बसलेले मी डोळ्यांपुढे आणून पाहिले. दृश्य देखणे होते. पण मला केळशीतली ती संध्याकाळ आठवली, जेव्हा मला ताप भरला होता आणि तीन घरांतून तीन वाट्या मुगाची खिचडी आली होती. शिवाय तिसऱ्या वाटीबरोबर ह्यांनी आदल्या दिवशी औषधाची गोळी घेतली नव्हती अशी तक्रारही आली होती. आळीत कुठलीच गोष्ट झाकून राहत नाही. आमच्या वयात ती न झाकलेलीच बरी.

"तुम्हीसुद्धा केळशीलाच," मी म्हटले. "शेजारच्या काकू तुम्हाला गोळ्या विसरू देणार नाहीत."

"आणि मासळी?"

"केळशीला खाडी आहे की!"

मुलाने कॅनडाहून दूरध्वनीवर तासभर उपदेश केला. त्याच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. वादळ पुन्हा येणार नाही याची हमी कुणी देत नाही, आणि आम्ही दोघे काही तरुण होत नाही. म्हणून आम्ही घर विकत घेतलेले नाही. अकरा महिन्यांच्या कराराने भाड्याने घेतले आहे, रीतसर नोंदणी करून. मालक मुंबईचे आहेत. गणपतीत त्यांना ओटी आणि माजघर मोकळे करून द्यायचे ही त्यांची एकमेव अट, आणि ती मला फार आवडली. खराडीचे घर दोन संगणक अभियंत्या मुलींना दिले आहे. त्यांच्या कचेरीला ते अगदी समोर पडते. दिव्यांचाही त्यांना त्रास नाही, कारण रात्री त्या तिथेच असतात.

तुळशीचे लग्न आटोपले की निघायचे. ताम्हिणी घाटाने माणगाव, तिथून मंडणगड आणि मग केळशी. खराडीहून चांदणी चौक गाठायला जितका वेळ मोडतो तेवढ्यात मंडणगडाहून केळशीला पोचून चहा होईल. काय न्यायचे त्याची यादी माझ्याकडे आहे: घट्ट झाकणाचे डबे, दोन कंदील, इनव्हर्टर, ह्यांच्या सहा महिन्यांच्या गोळ्या. काकूंनी निरोप धाडला आहे की रहाटाचा दोर जुना झाला आहे, नवा पुण्याहून आणू नका, इथे दापोलीत चांगला मिळतो. ह्यांनी आपल्या हाताने यादीच्या तळाशी लिहिले आहे: पोफळीची रोपे, पाच. दापोलीच्या कृषी विद्यापीठात विचारणे.